काचेची नळी आणि तीस पॉईंट

आमच्या एमबीबीएसच्या बॅचच्या ग्रुपवर सध्या एकच भांडण पेटलंय. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं तर तीस क्रेडिट पॉईंट लागतात. ते मिळतात सीएमईला, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या व्याख्यानांना हजेरी लावून. अर्धे म्हणतात, हे थोतांड बंदच करा. उरलेले म्हणतात, तीस म्हणजे वर्षाला सहा पॉईंट, एवढ्यात काय होणार? साठ करा, आणि औषध कंपन्यांना दाराबाहेर ठेवा. मग कोणीतरी मला ओढतं: "तुझ्याकडे इंग्लंडात कसं असतं ते सांग यांना एकदा."

सांगतो. पण आधी चिपळूणचं.

जूनच्या शेवटी मी घरी होतो. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, खाडीपट्ट्यातल्या एका गावात पंचवीस वर्षं दवाखाना चालवतो. रविवारी त्याच्याबरोबर सीएमईला गेलो. बाहेर धो धो पाऊस, आत हॉल भरलेला. मुंबईहून आलेले हृदयरोगतज्ज्ञ हार्ट फेल्युअरच्या नव्या औषधांवर बोलले. उत्तम बोलले, मीही दोन गोष्टी टिपून घेतल्या. शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेतले एक डॉक्टर उठले. आदल्या आठवड्यात त्यांच्याकडे फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, चावलेली आठ वर्षांची मुलगी आली होती. पाय सुजलेला, रक्तस्राव कुठेच नाही. त्यांना तिच्याबद्दल विचारायचं होतं. वक्ते म्हणाले, हा माझा विषय नाही, अशा पेशंटला लगेच मोठ्या हॉस्पिटलला पाठवावं. त्यांचं काही चुकलं नाही. तो विषय खरंच त्यांचा नव्हता.

जेवताना ते डॉक्टर आमच्याच टेबलावर आले. दादाने विचारलं, "रक्त गोठतंय का बघितलंत?"

"बघितलं ना. वीस मिनिटांनी पातळच होतं. म्हणून सर्पदंशाच्या लसीच्या दहा व्हायल लावल्या."

"नळी कुठली घेतलीत?"

"नळी… प्लास्टिकचीच असते ना आता सगळीकडे."

टेबलावर कोणी बोलेना. ही तपासणी अगदी साधी आहे: शिरेतलं ताजं दोन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच नळी तिरकी करून बघायचं. रक्त गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलंय. पण गोठण्याची क्रिया सुरू होते ती काचेच्या स्पर्शाने. प्लास्टिकच्या नळीत चांगलं रक्तही पातळ राहू शकतं. टेबलावरच्या सर्वांत वयस्कर डॉक्टरांनी हातातली सोलकढीची वाटी खाली ठेवली. म्हणाले, "आमच्याकडे काचेचीच आहे. पण आमची सिस्टर ती साबणाच्या पाण्याने धुते." साबणानेही तेच होतं, काचेचा गुण जातो. पाच डॉक्टरांमधल्या तिघांची तपासणी वर्षानुवर्षं चुकत होती. मुलगी सुखरूप घरी गेली. पण त्या दहा व्हायलची तिला गरज होती का, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. आणि सर्पदंशाची लस म्हणजे सलाईन नव्हे. तिची रिॲक्शन जिवावर बेतू शकते, म्हणून ॲड्रिनलीन भरून हाताशी ठेवूनच ती द्यावी लागते.

त्या दिवसाचं खरं व्याख्यान त्या टेबलावर झालं. त्याचा पॉईंट मात्र कोणालाच मिळाला नाही.

आता इंग्लंडचं. इथे जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, वर्षाला पन्नास तास शिकावं, असं आमचं रॉयल कॉलेज सुचवतं. ग्रुपवर हा आकडा टाकला की "बघा, पन्नास!" अशी आरोळी उठते. पण डॉक्टरांना लायसन्स देणाऱ्या खुद्द जनरल मेडिकल काउन्सिलने तासांची अट घातलेलीच नाही. २०१२ च्या डिसेंबरपासून इथे दर पाच वर्षांनी लायसन्सची फेरतपासणी होते आणि त्यासाठी दरवर्षी एक सहकारी डॉक्टर माझ्यासमोर बसून विचारतो: या वर्षात काय चुकलं, त्यातून काय बदललंस? व्याख्यानाला गेलो एवढं सांगून भागत नाही. त्यानंतर पेशंटच्या बाबतीत वेगळं काय केलं, तेही लिहावं लागतं.

एक अनुभव सांगतो. आमच्या दवाखान्यात पाठदुखीची तक्रार घेऊन एक बाई तीनदा आल्या, तिन्ही वेळा वेगळ्या डॉक्टरकडे. तिघांनी गोळ्या दिल्या. तिसरा मी. शेवटी निघाला मायलोमा, अस्थिमज्जेतला कॅन्सर. महिन्यातून एका दुपारी आमचा दवाखाना शिकण्यासाठी बंद असतो, फोन दुसरी सेवा घेते. त्या दुपारी आम्ही सगळे बसलो, नर्स आणि रिसेप्शनवरची मुलगीसुद्धा. तीच म्हणाली, "त्या तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मला जाणवलं होतं, पण सांगायचं कोणाला?" त्या दिवसापासून तीच तक्रार घेऊन कोणी तिसऱ्यांदा आलं की ती आम्हाला निरोप पाठवते. हे मला कुठल्याही हॉटेलच्या हॉलमध्ये शिकता आलं नसतं.

सगळंच इथलं चांगलं, असं मी म्हणणार नाही. या पद्धतीतही कागद इतके वाढले की २०२० साली, कोविडच्या काळात, ते मुद्दाम कमी करावे लागले. औषध कंपन्यांचे सँडविच इथेही दवाखान्यांत येतात. आणि मुख्य फरक असा, की दुपारभर दवाखाना बंद ठेवला तरी माझा पगार कापला जात नाही. दादाने बुधवारची दुपार बंद ठेवली तर त्या दुपारची कमाई गेली. शिवाय गावात कोणाला धाप लागली तर त्याला रिक्षा करून चिपळूण गाठावं लागणार. म्हणून "इंग्लंडसारखं करा" हे वाक्य मी ग्रुपवर कधीच लिहीत नाही.

कंपन्यांच्या पैशाबद्दल माझं मत कडक आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या कार्यक्रमांना जाण्यावर बंदी घालणारा नियम आणला आणि तीन आठवड्यांत तो स्थगित केला. मला ते फार लागलं. पुढे २०२४ मध्ये कंपन्यांसाठीची आचारसंहिता आली, परदेशवाऱ्यांना चाप बसला, ते बरं झालं. पण उद्या कंपन्यांचा एक रुपयाही आला नाही, तरी फुरशावर बोलायला कोण येणार? फुरशावरचं नवं महागडं औषध बाजारात नाही. लेप्टोला लागणारं डॉक्सिसायक्लिन अगदी स्वस्त. भातलावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दुखतात आणि डोळे लाल, असा माणूस आला तर काय करायचं, यावर हॉल भरवण्यात कोणाचाही धंदा नाही. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे माकडताप आहे, त्याचंही तेच.

आणि आपल्याच पेशंटकडून शिकता येतं, हे कोकणाने दाखवून दिलेलं आहे. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली पोरं घाम फुटून, हातपाय गार पडून, फुप्फुसात पाणी भरून दगावत होती. ते रात्र रात्र खाटेशी बसले, नोंदी ठेवल्या, आणि १९८२ मध्ये 'लॅन्सेट'ने त्यांचं लिखाण छापलं. पुढे रक्तदाबावरचं साधं प्रॅझोसिन त्यांनी या पेशंटना दिलं आणि पोरं वाचू लागली. जगाला हे शिकवलं एका प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरने, आपल्या पेशंटच्या नोंदवहीतून.

मग दादाच्या नोंदवहीला पॉईंट का नाहीत? कौन्सिलकडे माझी एवढीच मागणी आहे: पाच-सहा डॉक्टर आपापल्या चुकलेल्या, अडलेल्या केस घेऊन बसले, लेखी टिपण ठेवलं, तर त्यालाही व्याख्यानाइतकेच पॉईंट द्या. अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहेत. तिथला एक शिक्षक महिन्यातून एकदा अशा बैठकीला आला तर पुरे. आणि बैठकीत बीएएमएस, बीएचएमएसही हवेत. होमिओपॅथांच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमधल्या नोंदणीवरून २०२५ च्या सप्टेंबरात ॲलोपॅथीवाल्यांनी संप केला. नोंदणीच्या प्रश्नावर माझी सहानुभूती संपवाल्यांकडेच आहे. पण गावातलं फुरसं चावलेलं पोर आधी पोचतं ते बहुतेक वेळा याच डॉक्टरांकडे. त्यांना काचेची नळी माहीत नसेल तर नुकसान त्या पोराचं.

परवा दादाचा फोन आला. चौघे जण त्याच्या दवाखान्यात बसले होते, दुपारी दोन ते चार, दाराला पाटी लावून. पाचव्याच्या गावाकडचा रस्ता दरडीने बंद होता, तो फोनवरून बोलत होता. त्या वयस्कर डॉक्टरांनी सिस्टरलाही बरोबर आणलं होतं. रत्नागिरीहून मागवलेल्या काचेच्या नळ्यांचा डबा तिने उघडला, पाच पाच नळ्या वेगळ्या बांधल्या आणि प्रत्येक पुडक्यावर मार्करने लिहिलं: साबण लावू नये.