मृगाच्या आधी घरात एवढं तरी ठरवून ठेवा

मे महिना सरत आला की आपल्याकडे बेगमी सुरू होते. कवेलू फेरून होतात, कोठ्यावर ताडपत्री चढते, कुटार आणि पऱ्हाट्या आडोशाला जातात, तिखट-मीठ-डाळ भरून होते. पावसाळ्याचे चार महिने घर अडू नये म्हणून केवढी शिस्त! पण त्याच घरात रात्री दोन वाजता कुणाला साप चावला तर न्यायचं कुठं आणि गाडी कुणाची, हे ठरलेलं नसतं. विचारलं की उत्तर तयार असतं, "होईन ते पाहू." मला हे अजिबात पटत नाही. म्हणून मृगाच्या आधी हे लिहितोय.

आपत्तीची तयारी म्हटलं की मोबाईलवर शहरातले व्हिडिओ दिसतात. मोठी बॅग, हवाबंद डबे, महागडे दिवे. ते पाहून आपल्या माणसाला वाटतं, हे पैसेवाल्यांचं काम. माझं मत असं, की सुरुवात सामानापासून करूच नका. आपल्या भागात माणूस कशानं दगावतो ते आधी बघा. विदर्भात त्याचं उत्तर लहान मुलालाही ठाऊक आहे: साप, वीज, पूर, फवारणी आणि ऊन. तयारी याच क्रमानं करा.

सापाचं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. मण्यार, जिला काही गावांत दांडेकर म्हणतात, रात्री फिरते आणि खाली झोपलेल्या माणसाला चावते. बरेचदा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, जीभ अडखळते, थुंकी गिळता येत नाही. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं. ओवा देतात, शेक देतात, आणि लाखमोलाचे दोन तास जातात. पावसाळ्यात खाली झोपलेलं माणूस पहाटे असं करायला लागलं तर दुसरा विचार न करता सापच धरा आणि दवाखान्याकडे निघा.

जखम चिरायची नाही, चोखायची नाही, दोरी आवळून बांधायची नाही. अंगठी, बांगड्या, जोडवी आधी काढा, कारण सूज चढली की ती रुततात. चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधा, तो हलू देऊ नका आणि माणसाला चालवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर सरकारी दवाखान्यात एकच लस चालते. त्यामुळे साप शोधून मारून सोबत नेण्यात वेळ घालवायची गरज नाही. ज्यांना मांत्रिकाकडे जायचंच आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, आधी सुई घ्या, मग कुठंही जा. आणि घरात खाटा असतील तर खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. डासांसाठी घेतलेली मच्छरदाणी सापापासूनही वाचवते.

आता गाडीचं. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे, पण आडवळणाच्या गावात ती पोचायला वेळ लागतो. म्हणून गल्लीतल्या एका गाडीवाल्याशी आत्ताच बोलून ठेवा: रात्री उठवलं तर येशील ना? डिझेलचे पैसे आम्ही देऊ. तो नसेल तर दुसरा कोण, हेही ठरवा. मोटरसायकलवर न्यायची वेळ आली तर पेशंटला मधे बसवून मागं धरणारा माणूस लागतो. घरच्या मोटरसायकलची टाकी संध्याकाळी रिझर्व्हला ठेवू नका.

विजेचं थोडक्यात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप घरातल्या एका तरी मोबाईलमध्ये असू द्या, आसपास वीज पडायचा धोका असला की ते सांगतं. गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आलोच. निंदण अर्धं टाकून बाया घरी आल्या तर मालकानं मजुरी कापू नये, हे मी स्पष्टच लिहितो. झाडाखाली जाऊ नका, झाडाखाली जनावरं बांधू नका. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला हात लावता येतो. श्वास बंद असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा.

नदीकाठच्या गावांनी पुराचं मनावर घ्यावं. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरानं नरखेड तालुक्यातलं मोवाड उद्ध्वस्त केलं, दोनशेवर माणसं गेली. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तो मुख्यतः वरच्या मध्य प्रदेशातल्या पावसानं आणि धरणातून सोडलेल्या पाण्यानं. भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावं बुडाली. म्हणजे आपल्याकडे ऊन पडलेलं असतानाही पूर येतो. आपल्या गावाच्या वर कोणतं धरण आहे आणि पाणी सोडल्याचा निरोप गावात कुणाकडे येतो, हे प्रत्येक घराला माहीत हवं. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७ आहे. पाणी चढायला लागलं की सगळ्यात आधी जनावरांची दावी सोडा. बांधलेलं जनावर बुडतं, मोकळं बहुतेक वेळा वाट काढतं. त्यांच्या कानातल्या बिल्ल्याचा फोटो आधीच काढून ठेवा, नंतर पंचनाम्याला उपयोगी पडतो.

आता पिशवी. एकच, खुंटीला टांगलेली. प्लास्टिकच्या कव्हरात सातबारा, आठ-अ, आधार, रेशन कार्ड, पासबुक यांच्या झेरॉक्स. टॉर्च. सुट्या नोटा, कारण टॉवर गेला की फोन-पे पण जातं. ओआरएसची पाकिटं. ती संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. आणि म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या. इथं एक बारीक गोष्ट आहे. मेडिकलवाला पट्टी कापून देतो तेव्हा नाव छापलेला तुकडा कधी त्याच्याकडेच राहतो. बाबांची बीपीची गोळी कोणती म्हटलं की घरचे सांगतात, "पांढरी, बारीक." डॉक्टरनं यावरून काय करावं? नाव असलेलं एक रिकामं पाकीट किंवा चिठ्ठीची झेरॉक्स पिशवीत टाका.

फवारणीच्या औषधाचंही तसंच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. डबा घरात, धान्याजवळ ठेवू नका, कुलपात ठेवा, आणि कुणाला भोवळ, मळमळ, घाम सुरू झाला तर कपडे काढून साबणानं अंग धुवा, उलटी करवू नका, तो डबाच दवाखान्यात सोबत घ्या. लेबलवर औषधाचं नाव असतं, डॉक्टरला तेच हवं असतं.

कागदांबद्दल अजून एक, बोलायला जड जातं तरी. साप चावून किंवा वीज पडून शेतकरी कुटुंबातलं माणूस गेलं तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून २ लाख मिळतात. पण दुःखाच्या भरात शवविच्छेदन न करताच अंत्यविधी उरकला जातो, आणि नंतर पुरावाच उरत नाही. तिथं मन घट्ट करून थांबायला सांगणारा एखादा माणूस प्रत्येक भावकीत हवा.

आणि हे सगळं घरातल्या कर्त्या पुरुषालाच माहीत असून चालत नाही. दुपारी तो वावरात असतो, हंगामात बाहेरगावी असतो. घरी सासू, सून आणि लेकरं. मेन स्विच कुठला, कपाटाची किल्ली कुठं, गाडीवाल्याचा नंबर काय, हे सुनेला माहीत हवं. नंबर मोबाईलमध्ये असून भागत नाही, चार्जिंग संपतं. दाराच्या आतल्या बाजूला भिंतीवर ऑइलपेंटनं मोठ्या आकड्यात लिहा: १०८, ११२ (पोलीस आणि तातडीची मदत), १०७७, गाडीवाला, आशाताई, पोलीस पाटील. दुसरीतल्या पोराला वाचता येतील एवढे मोठे.

दोन कामं एकट्या घरानं होण्यासारखी नाहीत, ती गावानं करावीत. पहिलं, चार जणांनी मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं आणि विचारायचं: सर्पदंशाची लस आज शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर मुक्कामी असतात का, नसतील तर थेट कोणत्या रुग्णालयात जायचं. दुसरं शाळेचं. पुरात आसरा म्हणून आपण शाळेकडे बोट दाखवतो, पण बऱ्याच गावांत शाळेची किल्ली तालुक्याला राहणाऱ्या सरांकडे असते. एक जादा किल्ली गावात मुक्कामी असणाऱ्या माणसाकडे लेखी द्यावी, असा ठराव येत्या ग्रामसभेत मी मांडणार आहे. आपापल्या गावात तुम्हीही मांडा.