मिशरीनं रक्त थांबतं, रोग नाही

तासगावच्या आत्याचा परवा फोन. "आरं, दातवाल्या डॉक्टरची तारीख मोडली बघ. मोबाइलवर आलंय, पायोरिया सात दिवसांत मुळासकट जातो." तोच मेसेज माझ्याही चार ग्रुपवर येऊन गेला होता आणि मी नुसता पुढं सरकवला होता.

त्यात म्हटलंय: रक्त आलं की ब्रश बंद करा, हळद-मीठ-तेल चोळा, दात साफ करून घेऊ नका, हलतात. आणि रात्री मिशरी लावा, रक्त थांबतं.

मिशरीचंच आधी. रक्त कमी दिसतं हे खरं, आणि गोम तिथंच आहे. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू. निकोटिननं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, रक्त दिसेनासं होतं आणि खाली हाड झिजतच राहतं. तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहेच. "आजी जन्मभर लावायची," म्हणते आत्या. शेवटी आजी भाकरी दुधात कुस्करून खायची, ते विसरली.

ब्रश बंद करा म्हणे! १९६५ साली हाराल्ड लो या दंतसंशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणं बंदच करायला लावलं होतं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासायला लागल्यावर साधारण आठवड्यात पूर्ववत. म्हणजे रक्त येतंय म्हणूनच घासायचं, मऊ ब्रशनं. ही झाली नुसती हिरडीची सूज, जिंजिव्हायटिस. ती पूर्ण बरी होते. पुढची पायरी पेरिओडॉन्टायटिस, आपला पायोरिया. त्यात दाताखालचं हाड जातं आणि कुठल्याही लेपानं ते परत येत नाही. मेसेजवाल्यानं दोन्ही एकाच डब्यात कोंबलेत.

साफ केल्यानं दात हलत नाहीत. आधीच हललेला दात किटणानं, म्हणजे दातावर साचून कडक झालेल्या थरानं, धरून ठेवलेला असतो, किटण निघालं की ते कळतं, एवढंच.

हळदीनं सूज थोडी उतरते, मान्य. सांगलीत राहून हळदीला नावं ठेवायची माझी टाप नाही. पण किटण हळदीनं सुटत नाही. शिवाय बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिन गोळीनं कुणाची हिरडी वाढते, गरोदरपणात कुणाची सुजते, सगळ्यांना एकच लेप?

आत्याला शुगर आहे. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की शुगर आवरत नाही. मेसेजात याचा एक शब्द नाही.

मंगळवारची तारीख मी पुन्हा ठरवली. मिशरीची डबी कुठं ठेवलीय, ते आत्या सांगत नाही.