खेळण्यातली पेटी : ‘अनामिक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘अनामिक’ महोदय (किंवा महोदया, नावच नाही तर काय म्हणणार),

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्यानं मिडी कंट्रोलर (स्वतः आवाज न काढता कॉम्प्युटरमधल्या वाद्यांना हुकूम पाठवणारं यंत्र) कोणता घ्यावा आणि त्याच्या नॉबना कोणती कामं द्यावीत, या माझ्या लेखाखाली आपली प्रतिक्रिया वाचली. रात्री पावणेदोनला टाकलेली आहे. एवढ्या रात्री कुणी आपला लेख शेवटपर्यंत वाचतं हे कळून बरं वाटलं. पुढचं वाचून तितकंसं नाही.

आधी माझी चूक. लेखात ‘एक्स्प्रेशन म्हणजे सीसी १’ असं पडलं होतं. सीसी म्हणजे मिडीतल्या एकेका नियंत्रणाचा नंबर. सीसी १ म्हणजे मॉड्युलेशन, एक्स्प्रेशनचा (वाजवता वाजवता आवाज लहान-मोठा करण्याचा) नंबर ११. टाइप करताना दुसरा एक गळला. दुरुस्त केलं आहे, आभार. पण तेवढ्यासाठी ‘आधी मिडी म्हणजे काय ते वाचून या’ हे लिहायलाच हवं होतं का? जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ केबलनं जोडले गेले आणि एकाची पट्टी दाबल्यावर दुसरा वाजला, तिथपासूनची गोष्ट मला ठाऊक आहे. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्यं त्या दिवशी एकमेकांशी बोलली, कारण त्यातलं एकही दुसऱ्याला ‘आधी वाचून ये’ म्हणालं नाही.

आता तुमचं ते वाक्य. जसंच्या तसं देतो, म्हणजे मी मोडतोड केली असं व्हायला नको : ‘ज्याला वाजवता येत नाही तोच पंचवीस पट्ट्यांचं खेळणं घेऊन बसतो, वाजवणारा माणूस एकसष्टच घेतो.’

मी वयाच्या नवव्या वर्षापासून पेटी वाजवतो. गावच्या भजनी मंडळात, पखवाजाच्या शेजारी बसून. कार्तिकी एकादशीला रात्रभर. भाता फुटला की गव्हाच्या खळीनं कापड चिकटवून पहाटेच्या काकड्याला तीच पेटी पुन्हा उभी केली आहे. त्यामुळे मला वाजवता येतं की नाही हे तुम्ही ठरवू नये अशी विनंती. विनंतीच म्हणतो आहे, अजून.

पेटीवाल्याचा डावा हात कुठे असतो? भात्यावर. वाजवतो तो उजवा. तुम्ही ज्या एकसष्ट पट्ट्यांबद्दल लिहिता त्या दोन हातांच्या, पियानोच्या सवयीसाठी आहेत. ज्याला डाव्या हातानं कॉर्ड धरायचे आहेत त्यानं जरूर घ्याव्यात, मी कुणाचे हात बांधलेले नाहीत. पण माझा लेख अभंग, भावगीतं, गणपतीच्या आरत्या घरी रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी होता, तसं दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं आहे. माझ्या टेबलावर उजवीकडे अकाईचा एमपीके मिनी आहे, पंचवीस बारक्या पट्ट्यांचा. डावीकडे कॉर्गचा नॅनोकंट्रोल २. त्याच्या आठ फेडरपैकी (वर-खाली सरकवायच्या दांड्यांपैकी) पहिला मी सीसी ११ ला बसवला आहे आणि तो माझा भाता आहे. हार्मोनियमच्या सॅम्पलवर (खऱ्या पेटीच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजावर) स्वर दाबून धरायचा आणि डाव्या हातानं फेडर वर-खाली करत श्वास द्यायचा. पट्टी जोरात दाबून पेटीचा आवाज मोठा होत नाही, भात्यानं होतो. म्हणून पेटीसाठी व्हेलॉसिटी (पट्टी किती जोरात दाबली त्याचा आकडा) सपाट ठेवायची आणि तबल्याच्या पॅडवर मात्र नीट लावून घ्यायची, नाहीतर ‘ना’ आणि ‘धा’ एकाच वजनाचे वाजतात. हे एकसष्ट पट्ट्या घेऊन कळत नाही. भाता मारून कळतं.

मोजूनही पाहू. मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत दोन्ही टोकं धरून किती पट्ट्या होतात? बरोबर पंचवीस. बहुतेक अभंग त्याच्या आत सुरू होऊन आतच संपतात. गायक म्हणाला ‘काळी दोन’, की ट्रान्स्पोज (सगळे स्वर एकदम सरकवणारं बटण) तीन वेळा वर, आणि माझी बोटं पांढरी एकमध्ये वाजवल्यासारखीच राहतात. स्केल चेंजर पेटीत अख्खा पट्ट्यांचा संच सरकवून आपण दुसरं काय करतो? त्याला कुणी खेळणं म्हटलेलं ऐकलं नाही. अर्थात पेटीला नावं ठेवणारे तेव्हाही होते. ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तुमची परंपरा जुनी आहे एवढंच म्हणतो.

आणि हो, एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड मीही घेतला होता. पहिल्या बोनसमधून. ‘पुढे लागेल, आत्ताच मोठा घ्या’ असं दुकानदार म्हणाला, आणि मी तेव्हा तुमच्यासारख्यांचं ऐकत असे. डोंबिवलीतल्या वन रूम किचनमध्ये तीन फुटांहून लांब वस्तू ठेवणार कुठे? तो पलंगावर आडवा टाकून मी खाली जमिनीवर मांडी घालून बसायचो. वाजवायचो मधल्या दोन सप्तकांत. डावीकडच्या पट्ट्यांवर इस्त्रीचे कपडे. दोन वर्षांत त्यावर जेवढं रेकॉर्डिंग झालं, त्याहून जास्त या ‘खेळण्यावर’ पहिल्या तीन महिन्यांत झालं, कारण हा लॅपटॉपशेजारी मावतो आणि ऑफिसातून आल्यावर काढावा लागत नाही.

बाकी मुद्दे थोडक्यात, कारण त्यात फारसं काही नाही.

सात बिटमुळे नॉबला १२८च पायऱ्या मिळतात आणि फिल्टर फिरवताना त्या ऐकू येतात, असं तुम्ही म्हणता. कधी कधी येतात. पुष्कळ प्लगिन (कॉम्प्युटरमधली वाद्यं आणि इफेक्ट) मधली जागा स्वतःच गुळगुळीत करून घेतात. मींडेसाठी आपण पिच बेंड (स्वर सलग वर-खाली ओढणारं नियंत्रण) वापरतो, तो चौदा बिटचा, १६,३८४ पायऱ्यांचा. सगळे स्वस्त कंट्रोलर तेवढ्या पायऱ्या खरोखर पाठवतात असं नाही, पण माझी मींड आजवर कुणाला जिना चढल्यासारखी वाटलेली नाही. बेंडची रेंज कंट्रोलरमध्ये नव्हे, वाद्याच्या प्लगिनमध्ये वाढवायची असते, हे लेखात आहे. ते वाचलं नाहीत वाटतं.

नॉब उडी मारतात, हा तुमचा तिसरा मुद्दा. ट्रॅक बदलला की नॉब एका जागी आणि पडद्यावरचा आकडा दुसऱ्या जागी, हात लावला की आवाज धाडकन उडतो, म्हणून पिक-अप सेटिंग (नॉब पडद्यावरच्या आकड्यापर्यंत पोचेतो काही न बदलणारं) लावा किंवा गोल गोल फिरणारे एन्कोडर घ्या. अहो, हे मला माहीत नाही का? एकदा रात्री अकराला स्पीकरवर मिक्स करत होतो. हरिपाठाचा ट्रॅक सोडून तानपुऱ्यावर आलो, नॉबला जेमतेम बोट लावलं आणि तानपुरा असा गरजला की आतल्या खोलीत मुलगी दचकून उठली. त्यानंतर बायकोच्या पाकिटातल्या दोन लाल टिकल्या घेतल्या, एक नॉबवर आणि एक शेजारी प्लास्टिकवर. ट्रॅक बदलण्याआधी टिकलीला टिकली जुळवायची आणि प्रत्येक ट्रॅकचा तो आकडाही आधीच तिथे आणून ठेवायचा. तीन वर्षं काम चाललं आहे. एबलटन या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये टेकओव्हर मोड आहे, त्यात पिक-अप आणि व्हॅल्यू स्केलिंग असे पर्याय आहेत, हे मी लेखात लिहिलं नाही कारण लेख आधीच लांबला होता. तुमच्या चार ओळींमुळे लिहिणार आहे असं समजू नका, ते मनात होतंच.

प्रत्येक प्लगिनसाठी वेगळं टेम्प्लेट (नॉबच्या कामांची वाटणी) करा, हा चौथा सल्ला. ज्याला तेवढा वेळ आहे त्यानं करावं. आठ नॉबना आठ कायमची कामं, म्हणजे हाताला न बघता सापडतात, हे माझं मत आणि ते मी बदलत नाही. पेटीवर कोमल गांधार रोज नव्या जागी कोण शोधतं?

किमती जुन्या आहेत, हा पाचवा. लेखाखाली तारीख आहे.

शेवटी ‘असे लेख वाचून नवखे फसतात’ म्हणालात. नवखा म्हणून मी फसलो तो एकसष्ट पट्ट्यांपायी. तो कीबोर्ड अजून माळ्यावर आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेला. वरच्या सप्तकातली एक काळी पट्टी दाबली की अडकते, बाकी उत्तम. वाजवणारा माणूस एकसष्टच घेतो ना? मग डोंबिवलीला येऊन घेऊन जा, पैसे नकोत. पॉवरचा अडॅप्टर मात्र सापडत नाहीये, तो तुमचा तुम्ही बघा.