तळहातावरचा एसएसडी

जुन्या हार्ड डिस्कच्या काळी संगणकाचं बटण दाबून मी आंघोळीला जायचो. परत आलो तरी ती आतल्या आत कुरकुरतच असायची. मग एसएसडी, म्हणजे फ्लॅश मेमरीवाला ड्राइव्ह आला आणि लिनक्स ही माझी ऑपरेटिंग सिस्टीम 11 सेकंदांत समोर हजर होऊ लागली. शहाण्या माणसाने इथेच थांबायचं असतं. पण सुखाचा जीव दुःखात घालायला मला फारसा वेळ लागत नाही.

झालं असं, की एसएसडीवर ठरावीक वेळाच लिहिता येतं, हे मी वाचलं. फ्लॅश मेमरीत लिहिलेल्यावर पुन्हा लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं, आणि पुसायचं म्हणजे एखादं अक्षर नाही, अख्खा ब्लॉक. एक वेलांटी चुकली म्हणून सगळी पाटी पुसायची, असा कारभार. बरं, दर पुसण्यागणिक पाटी झिजते. हे कळल्यापासून टाइप करताना माझा जीव कळवळायला लागला. 'महोदय' लिहून खोडलं की वाटायचं, गेली बिचारी एक पेशी.

पहिला उपाय ट्रिमचा. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा फाइल सिस्टीम फक्त स्वतःच्या वहीत काट मारते. ड्राइव्हला कोणी काही सांगत नाही. तो बापडा मेलेला डेटा इमानेइतबारे इकडून तिकडे वाहत बसतो. 'अरे, हे ब्लॉक मोकळे झाले रे' असा निरोप त्याला देणं म्हणजे ट्रिम. मी टर्मिनल उघडून 'एफएस-ट्रिम' चालवलं, तर 112 जीबी जागा मोकळी झाल्याचं उत्तर आलं. काय समाधान वाटलं म्हणून सांगू! त्याच समाधानासाठी लगेच पुन्हा चालवलं. उत्तर : 0 बाइट. तिसऱ्यांदा, 0 बाइट. 'एकदा सांगितलेलं कळत नाही का' हे इतक्या थोडक्यात मला आजवर कोणी सुनावलं नव्हतं.

तरी मी क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं करणाऱ्या यंत्रणेत, रोजचं ट्रिम लावलं. शिवाय डिलीट होताक्षणी निरोप जावा म्हणून माउंटच्या, म्हणजे ड्राइव्ह सिस्टीमला जोडण्याच्या, पर्यायांत 'डिस्कार्ड'ही घातलं. रॅममधला डेटा ड्राइव्हवर किती उत्साहाने हलवायचा ते ठरवणारा स्वॅपिनेस 60 होता तो 10 केला, मग धीर न निघून 1 केला. ड्राइव्हकडे जाणाऱ्या कामांची रांग लावणारा आयओ शेड्यूलर बदलून 'नन', म्हणजे कोणीच नको, असा करायला गेलो, तर तिथे आधीपासूनच 'नन' होतं. जरा हिरमुसलो.

तात्पुरत्या फायलींचं 'टेम्प' फोल्डर मी रॅममध्ये हलवलं. ड्राइव्हवर तेवढंच कमी लिहिलं जाईल. आणि मी तसा शिस्तीचा माणूस असल्यामुळे कुठल्या फाइलमध्ये काय बदललं, आधी काय होतं, याची व्यवस्थित नोंद ठेवत होतो. ती नोंदही ड्राइव्हला त्रास नको म्हणून टेम्पमध्येच ठेवली होती. हे वाक्य वाचताना तुम्हाला जे दिसलं, ते मला तेव्हा दिसलं नाही.

मग 'नोएटाइम'. लिनक्समध्ये फाइल नुसती वाचली तरी ती कधी वाचली याची वेळ लिहून ठेवायची पद्धत. म्हणजे वाचण्यासाठीही लेखन! हे बंद करायचं तर ड्राइव्हचा कुठला भाग कसा जोडायचा ते सांगणारी 'एफएस-टॅब' फाइल उघडायची आणि एक शब्द घालायचा. माझं होम, म्हणजे माझ्या फायलींचं फोल्डर, ड्राइव्हच्या वेगळ्या भागावर, पार्टिशनवर आहे, त्या ओळीत मी तो घातला. रात्रीचा दीड वाजला होता, आणि शब्दातल्या आय आणि एमने आपापसात जागा बदलल्या. मी सेव्ह केलं आणि संगणक रीस्टार्ट केला.

11 सेकंद झाले. मिनिट झालं. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत : आपण इमर्जन्सी मोडमध्ये आहात. त्याखाली : रूटचं, म्हणजे सर्वाधिकारी मालकाचं, खातं लॉक असल्यामुळे आत सोडता येत नाही. त्याखाली : पुढे जाण्यासाठी एंटर दाबा. एंटर दाबलं की पुन्हा तेच. म्हणजे घराला आग लागलीय, पण चावी तुम्हाला देता येत नाही; हवं तर बेल वाजवून बघा. मी बरीच बेल वाजवली.

आता बदलांची नोंद बघावी, असं मनात आलं आणि त्याच क्षणी पोटात खड्डा पडला. रॅममधली नोंद रीस्टार्टबरोबर केव्हाच वारली होती.

लाइव्ह पेन ड्राइव्ह ड्रॉवरमधल्या वायरींच्या जंजाळातून शोधायला 40 मिनिटं लागली. त्यावरून संगणक सुरू करून, सिस्टीमचं मुख्य पार्टिशन माउंट करून, दोन अक्षरं जागच्या जागी बसवायला दोन. एवढ्यात मुलगी पाणी प्यायला उठली.

"बाबा, कॉम्प्युटर स्लो झाला होता का?"

"नाही गं."

"बिघडला होता?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी जरा शांतपणे चौकशी केली. लिनक्सचा स्वतःचा ट्रिमचा टायमर पहिल्या दिवसापासून चालू होता. दर सोमवारी मध्यरात्री निमूटपणे आपलं काम उरकत होता. नोएटाइमचं म्हणाल तर 2009 पासून, लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, 2.6.30 या आवृत्तीपासून, 'रिलेटाइम' ही मवाळ पद्धत आपोआप लागू असते. फाइल मागच्या नोंदीनंतर बदललेली नसेल, तर वाचल्याची वेळ 24 तासांत एकदाच लिहिली जाते. मी जी आग विझवायला निघालो होतो, तिच्यावर कोणीतरी पंधराएक वर्षांपूर्वीच पाणी ओतून ठेवलं होतं.

मग ड्राइव्हची तब्येत सांगणारं 'स्मार्ट-सीटीएल' चालवून हिशेब मांडला. माझं लेखन दिवसाला सरासरी 15 जीबी. कंपनीची हमी 300 टेराबाइट लेखनाची. भागाकार केला : जवळजवळ 55 वर्षं. मी 46 चा. म्हणजे मी एकशे एकाव्या वर्षी ड्राइव्ह बदलायचा. मात्र मधल्या एका संध्याकाळी आकडा एकदम 200 जीबीने उडाला होता. ती संध्याकाळ मला चांगली आठवते. बदलांमुळे वेग किती वाढला हे बघायला 10 जीबीची फाइल लिहायची चाचणी मी 20 वेळा घेतली होती. ड्राइव्हचं आयुष्य वाढवण्याच्या नादात त्याचे तेरा दिवस मी एका बैठकीत खाल्ले. वेग वाढला नव्हताच.

सगळं होतं तसं करायला अख्खा रविवार गेला, कारण काय काय बदललं होतं तेच आठवेना. आठवेल तसं या वेळी कागदावर लिहीत गेलो, पेन्सिलीने. 'नोएटाइम'मध्ये पुन्हा एक अक्षर चुकलं. तेवढंच खोडलं, बाकीचं पान जागच्या जागी राहिलं.