‘अँग्युलर बंद झालं’ हे अर्धंच खरं
लातूर-नांदेडकडच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: “गूगलनं अँग्युलर बंद केलं, शिकू नका.” तसं नाही. अँग्युलर म्हणजे वेबपानं बनवायचा गूगलचा तयार सांगाडा (फ्रेमवर्क). बंद झालं ते २०१० चं जुनं अँग्युलरजेएस. त्याचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२१ ला संपला. २०१६ मध्ये टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत नव्यानं लिहिलेलं अँग्युलर वेगळं, त्याच्या आवृत्त्या त्यानंतरही निघत आल्यात. नावं सारखी, म्हणून घोळ. (क्लासच्या पाटीवर ‘अँग्युलरजेएस’ असेल, तर मात्र फी भरण्याआधी विचारा.)

रिॲक्ट (वेबपानं बनवायचं असंच दुसरं साधन) की अँग्युलर, हा वाद निराळा. मोंढ्यातले सोयाबीनचे भाव दाखवणारं साधं पान करायचं, तर माझ्या मते दोन्ही नकोत. एचटीएमएल आणि चिमूटभर जावास्क्रिप्ट पुरे. शिवारात रेंज गेली की जड पान नुसतं फिरत राहतं.