दात काढायचे असतील तर दुपारच्या जेवणाआधीच

ऊसतोड कामगारांच्या तळावर दंतवैद्यकाचे विद्यार्थी मोफत दात काढून देतात, याचं एका लेखात कौतुक वाचलं. ते योग्यच. पण किती दात काढता येतील हे रांगेवर नाही, अवजारांच्या निर्जंतुक संचांवर ठरतं. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेनं अवजारं निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ अंश सेल्सिअसवर, १५ पौंड दाबाला १५-२० मिनिटं. तापणं आणि सुकणं धरून तासभर सहज जातो. घाईत ओली पाकिटं बाहेर काढली की ओल्या कागदातून जंतू आत शिरतात, सगळं मुसळ केरात. संच वीस, तर दात काढून घेणारे रुग्णही वीसच. चिमटे नुसते उकळणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे.

भूल देण्याआधी रक्तदाब, साखर आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चौकशी हवीच, तीही नोंदणीकृत दंतवैद्य शेजारी असताना. दात सकाळीच काढावेत, म्हणजे विद्यार्थ्यांची गाडी निघण्याआधी रक्तस्राव थांबला का ते पाहता येतं. कापसाऐवजी गॉजची (जाळीदार पट्टीच्या कापडाची) घडी, अर्धा-पाऊण तास दाबून. चोवीस तास चूळ जोरात भरायची नाही, तंबाखू-मिश्री बंद (हे सांगितलं तरी निम्मे ऐकत नाहीत, म्हणून घरच्यांनाही सांगावं). तोंडात तीन बोटं उभी जात नसतील तर गुटखा खातात का, कधीपासून, ते विचारा; गुटख्यानं तोंड आखडतं. टोळी पुढच्या फडावर जाते, त्यामुळे केसपेपरची प्रत रुग्णाच्याच हातात द्या.