सहा तासांच्या चार दशम्या

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणाऱ्या विमानाच्या तिकिटावर प्रस्थान रात्री दीड वाजता आणि आगमन त्याच दिवशी सकाळी साडेसात वाजता असे छापलेले होते, आणि ते माझ्याआधी आत्याने वाचले, इथेच सगळा घोटाळा झाला. सारा जन्म एसटीच्या वेळापत्रकावर विसंबून काढलेल्या आत्याने सरळ वजाबाकी केली आणि सहा तासांसाठी, माणशी दोन या हिशेबाने, चार दशम्या नि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली.

अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे, विमान ताशी ९००च्या आसपास उडते आणि वारा समोरून असल्यामुळे साडेपंधरा तास लागतात. न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास असते, म्हणून कागदावर सहाच दिसतात, हे मी तिला परोपरीने सांगितले.

"म्हणजे तिकीट खोटं?"

"नाही गं."

"मग तू खोटा."

अमेरिका पश्चिमेला असताना विमान उत्तरेकडे का वळते, हे दाखवण्यासाठी मी मोसंब्यावर दोरा ताणून धरला. गोलावरचा सर्वांत आखूड रस्ता वर रशिया-स्कँडिनेव्हियाच्या बाजूने कमानीसारखा जातो, हे तिला लगेच पटले. मोसंबे मात्र तिने सोलून खाल्ले. मग तिने विचारले, "पृथ्वी फिरतेच आहे, तर विमान नुसतं वर थांबवून ठेवावं की! अमेरिका आपोआप खाली येईल." हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, हे उत्तर मला सुचेपर्यंत ती बॅगेला कुलूप लावत होती. (हा प्रश्न मला शाळेत कधी पडला नव्हता, हे इथे कबूल करून टाकतो.)

पुण्याहून मुंबईच्या विमानतळापर्यंतच्या दीडशे किलोमीटरना घाटातल्या कोंडीमुळे पाच तास लागले. त्या वेगाने न्यूयॉर्क गाठायला सतरा दिवस लागले असते, आणि त्या हिशेबात तरी दशम्या कमी पडल्याच असत्या.

विमानात आत्याने मनगटावरचे घड्याळ बदलू दिले नाही. त्यात बरोबर साडेसात वाजताच तिने पांघरुणाची घडी घातली, पर्स मांडीवर घेतली, रिकामा डबा पिशवीत कोंबला आणि "आलं ना?" असे विचारत ती उभी राहिली. समोरच्या पडद्यावर सात हजारांहून अधिक किलोमीटर शिल्लक होते. पुढचे साडेनऊ तास ती माझ्याशी बोलली नाही.

परतीचे तिकीट सकाळी अकराचे होते आणि मुंबईला पोहोचायचे होते दुसऱ्या दिवशी साडेदहाला. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहणारा वारा आता पाठीशी असल्यामुळे चौदाच तास लागतील, असे मी आदल्या रात्री तिला सांगायला गेलो, तेव्हा माझ्या भावाच्या न्यू जर्सीतल्या स्वयंपाकघरात आत्या दुधात कणीक भिजवत होती.

"साडेतेवीस तास," तिने मान वर न करता सांगितले, "सोळा लागतील."